राजवाड्याच्या छपराखालचं व्याख्यान: विद्यापीठातला ‘कोरिया अभ्यास’ सर्वांसाठी कसा खुला होतो

होनोलुलूच्या मानोआ खोऱ्यात, हवाई विद्यापीठाच्या आवारात एक इमारत लगेच नजरेत भरते. टोकांना वर वळलेलं कौलारू छप्पर, रंगवलेले खांब आणि वळचणीखाली हिरव्या-निळ्या-तांबड्या रंगांची दाट नक्षी. या रंगकामाला कोरियात तानछोंग म्हणतात, आणि सोलच्या क्योंगबोकगुंग राजवाड्यातल्या वास्तूंच्या धर्तीवर ही इमारत उभारलेली आहे. हे विद्यापीठाचं कोरिया अभ्यास केंद्र. केंद्राची स्थापना १९७२ सालची, वास्तू १९८० ची. इथे संशोधन चालतंच, पण त्याचबरोबर व्याख्यानं, संगीत-नृत्याचे कार्यक्रम, चित्रपट आणि परिसंवादही होतात, आणि त्यातल्या अनेकांना शहरातलं कुणीही येऊन बसू शकतं.

जगातल्या बऱ्याच विद्यापीठांत आता अशी केंद्रं आहेत. आपल्याकडेही घरोघरी कोरियन मालिका पाहिल्या जातात, मुलं यूट्यूबवरून हंगुल या कोरियन लिपीची अक्षरं शिकतात, आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यात कोरियन साहेबांबरोबर काम करणारे इंजिनिअर भेटतात. त्यामुळे ‘कोरिया अभ्यास’ हा शब्द कानावर पडला की बहुतेकांना वाटतं, भाषेचा क्लास असेल किंवा मालिकांच्या चाहत्यांचा मेळावा असेल. तो या दोन्हींपेक्षा बराच मोठा आहे. आणि त्यातला नाच-गाण्याचा कार्यक्रम आणि जड वाटणारं व्याख्यान हे एकाच कामाचे दोन भाग आहेत, असं माझं ठाम मत आहे. एकाशिवाय दुसरं लंगडं पडतं.

हवाईतच का?

१३ जानेवारी १९०३ रोजी ‘गेलिक’ नावाच्या जहाजातून शंभरएक कोरियन माणसं होनोलुलूच्या बंदरात उतरली. उसाच्या मळ्यांवर मजूर हवे होते. पुढच्या दोन-अडीच वर्षांत सुमारे सात हजार कोरियन असेच आले. १९०५ मध्ये ही वाट बंद झाली, आणि त्याच वर्षी जपानने कोरियाला आपलं संरक्षित राज्य करून टाकलं. १९१० मध्ये कोरिया पूर्णपणे जपानच्या ताब्यात गेला. मळ्यावर राबणाऱ्या या लोकांचा देशच नकाशावरून पुसला गेला होता. तरीही तुटपुंज्या मजुरीतून ते स्वातंत्र्य चळवळीला वर्गणी देत राहिले. बहुतेक पुरुष एकटे आलेले. मग फोटो पाठवून लग्नं जुळवली गेली आणि १९२४ पर्यंत अशा शेकडो वधू जहाजाने हवाईला आल्या.

याच मंडळींत १९१३ साली सिंगमन री नावाचा प्रिन्स्टनचा डॉक्टरेट मिळवलेला नेता येऊन राहिला. त्याने मुलांसाठी शाळा काढली, चर्च उभं केलं, आणि समाजात तटही पाडले. १९४८ मध्ये तोच दक्षिण कोरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९६० च्या विद्यार्थी उठावाने त्याला पायउतार व्हावं लागलं, तेव्हा तो परत हवाईलाच आला आणि १९६५ मध्ये होनोलुलूतच वारला. कोरियातल्या इंचॉन शहरात इन्हा विद्यापीठ आहे. त्याच्या नावातला ‘इन’ इंचॉनचा आणि ‘हा’ हवाईचा. इंचॉनहून निघालेल्या मजुरांच्या वंशजांनी पाठवलेल्या पैशातून १९५४ मध्ये ते सुरू झालं.

हे सगळं सांगितलं, कारण विद्यापीठातलं असं केंद्र हवेत उभं राहत नाही. मानोआत कोरियावरचं व्याख्यान ठेवलं तर समोर अशी माणसं असू शकतात ज्यांच्या पणजीने मळ्यात ऊस तोडला. वक्ता जे इतिहास म्हणून सांगतो, ते त्यांच्या घरात आठवण म्हणून जपलेलं असतं. दोन्ही एका खोलीत आले की प्रश्नोत्तरांना धार येते.

कोरिया अभ्यासात येतं काय?

भाषा, इतिहास, साहित्य, धर्म, संगीत, मानववंशशास्त्र, राजकारण, अर्थकारण… एका भूभागाला मध्ये ठेवून या सगळ्या शाखा त्याच्याभोवती बसवायच्या, अशी ही रचना. ‘भारतविद्या’ हा शब्द आपल्याला परिचित आहे, त्याच जातीचं हे क्षेत्र. फरक असा की भारतविद्येचा भर जुन्या ग्रंथांवर राहिला, तर कोरिया अभ्यासात जुनं आणि आजचं दोन्ही शेजारी शेजारी चालतं. आणि कोरिया म्हणजे फक्त दक्षिण नव्हे. उत्तर कोरिया, चीनच्या ईशान्येकडचे कोरियन, जपानमधले कोरियन, मध्य आशियात स्टालिनने १९३७ मध्ये हलवलेले कोरियन, हेही सगळे त्यात येतात.

पाश्चात्य विद्यापीठांत हे क्षेत्र उशिरा रुजलं. चीन आणि जपान यांच्या अभ्यासाचे विभाग आधीच मोठे झालेले होते, आणि कोरिया त्यांच्या सावलीत होता. हार्वर्डमध्ये एडवर्ड वॅग्नर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोरियाचा इतिहास शिकवायला घेतला, तेव्हा अमेरिकेत असं काम करणारे जवळजवळ कुणी नव्हते. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला. अमेरिकन सरकार घाबरलं आणि पुढच्याच वर्षी परदेशी भाषा व प्रदेश यांच्या अभ्यासाला पैसे देणारा कायदा झाला. १९६६ ते १९८१ या काळात अमेरिकेचे पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक दक्षिण कोरियाच्या गावांत राहून शिकवत होते. ब्रूस कमिंग्ज आणि कार्टर एकर्ट हे पुढे नावाजलेले इतिहासकार त्यांतलेच. म्हणजे या क्षेत्राच्या पायात शीतयुद्धाचा सिमेंट आहे. ते लपवण्यासारखं नाही, आणि चांगले अभ्यासक लपवतही नाहीत.

व्याख्यान ऐकताना

एक उदाहरण घेऊ. कोरियन मालिकांमध्ये परीक्षेचं दडपण सतत दिसतं. नोव्हेंबरमध्ये तिथे विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा असते, आणि इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं थांबवतात. मालिका आपल्याला हे दाखवते. ते कुठून आलं, हे व्याख्यान सांगतं. जोसन राजवटीत १३९२ पासून १८९४ पर्यंत सरकारी अधिकारी निवडण्यासाठी लेखी परीक्षा होत्या. वॅग्नर आणि त्यांचे कोरियन सहकारी सोंग जुन-हो यांनी या परीक्षांच्या वरच्या पातळीवर उत्तीर्ण झालेल्या चौदा हजारांहून अधिक माणसांची यादी, त्यांच्या बाप-आज्यासह, जुन्या नोंदवह्या आणि वंशावळींतून जमवली. कित्येक वर्षांचं काम. त्यातून दिसलं की कागदोपत्री परीक्षा बऱ्याच लोकांना खुली होती, पण यश मोजक्या घराण्यांकडेच पुन्हा पुन्हा जात राहिलं. गुणवत्ता आणि घराणं यांच्यातला हा ताण समजला की आजच्या सोलमधल्या शिकवणी वर्गांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहता येतं. पुण्या-लातूरच्या क्लासेसकडेही.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. जोसन दरबारात लग्न, अंत्ययात्रा, बांधकाम असं काही मोठं कार्य झालं की त्याची सचित्र नोंदवही बनवत. त्याला उइग्वे म्हणत. मिरवणुकीत कोण कुठे चालला, किती घोडे, किती कापड, कुठल्या कारागिराला किती मजुरी, सगळं त्यात. १८६६ मध्ये फ्रेंच नौदलाने कांगह्वा बेटावर हल्ला केला आणि तिथल्या राजग्रंथालयातून अशा नोंदवह्या उचलून नेल्या. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात विस्मरणात पडून होत्या. तिथेच काम करणाऱ्या पार्क ब्योंग-सोन या कोरियन ग्रंथपाल बाईंनी १९७० च्या दशकात त्या शोधून काढल्या. त्यांनीच ‘जिकजी’ या बौद्ध ग्रंथाकडे जगाचं लक्ष वेधलं. धातूच्या सुट्या अक्षर-खिळ्यांनी १३७७ साली छापलेलं हे पुस्तक, गुटेनबर्गच्या बायबलच्या ७८ वर्षं आधीचं. फ्रान्सने २०११ मध्ये २९७ खंड कोरियाला पाठवले, पण मालकी सोडली नाही. मुदतीचं, पुन्हा पुन्हा वाढवता येणारं कर्ज म्हणून दिले. जिकजी अजून पॅरिसमध्येच आहे.

या नोंदवह्यांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर सुवॉन शहराचा ह्वासोंग किल्ला दाखवावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा कोट कोरियन युद्धात बराच पडला. १९७० च्या दशकात तो पुन्हा उभारला, तेव्हा १८०१ साली छापलेली बांधकामाची उइग्वे समोर होती. त्यात प्रत्येक दरवाजाची आणि बुरुजाची आकृती, साहित्य, खर्च, कारागिरांची नावं. १९९७ मध्ये युनेस्कोने किल्ल्याला जागतिक वारसा म्हटलं. गडकोटांवर जीव टाकणाऱ्या मराठी माणसाने हे व्याख्यान ऐकलं, तर त्याला आपल्या पडलेल्या बुरुजांबद्दल दहा प्रश्न सुचतील.

दर ९ ऑक्टोबरला, हंगुल दिनाच्या आसपास, विद्यापीठांत लिपीवरचे कार्यक्रम होतात. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये प्रजेला दिली. मूळ अक्षरं २८, आज वापरात २४. व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात, घसा कसे असतात यावरून घेतलेत, आणि श्वास जास्त लागणाऱ्या व्यंजनाला एक रेघ वाढते. आकारांमागचं हे स्पष्टीकरण देणारी मूळ प्रत तर १९४० मध्ये सापडली. तोवर निरनिराळे तर्क चालू होते. आपण कवर्ग, चवर्ग, टवर्ग म्हणतो तशी उच्चारस्थानांवर आधारलेली वर्गवारी हंगुलच्या मागेही आहे. ती थेट भारतातून गेलेली नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचं उच्चारशास्त्र चीनमध्ये पोहोचलं, तिथल्या ध्वनिशास्त्राला त्याने आकार दिला, आणि सेजोंग ते शास्त्र वाचलेला राजा होता. काही अभ्यासक हंगुलच्या आकारांत मंगोल काळातल्या फाग्स-पा लिपीचाही हात पाहतात, आणि ती लिपी तिबेटीमार्गे ब्राह्मीच्या कुळातली. हा वाद अजून चालू आहे. असा वाद आपल्यासमोर मांडला जातो, हेच मला अशा खुल्या व्याख्यानांचं मोठेपण वाटतं. इथे ठरलेलं उत्तर मिळतंच असं नाही, पण अभ्यासक कुठे आणि का अडले आहेत ते कळतं.

एक व्यावहारिक सूचना. कोरियन नावं रोमन अक्षरांत लिहिण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. एक १९३० च्या दशकातली मॅक्यून-रायशावर, दुसरी दक्षिण कोरियाच्या सरकारने २००० मध्ये आणलेली. शिवाय माणसं आपलं नाव आपल्या मर्जीने लिहितात. त्यामुळे एकच शहर कुठे ‘पुसान’ दिसतं, कुठे ‘बुसान’, आणि एकच आडनाव ली, री, यी असं तीन तऱ्हांनी. जाहिरातीत वाचलेलं नाव ग्रंथालयात सापडलं नाही, तर दुसऱ्या पद्धतीने शोधा.

ढोल वाजायलाच हवा

काही प्राध्यापकांना सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे गर्दी जमवायचं साधन वाटतं. मला ते पटत नाही. काही गोष्टी समोर घडल्याशिवाय कळतच नाहीत.

पानसोरी हा प्रकार घ्या. एक गाणारा आणि एक ढोलवाला, बस्स. गाणारा हातात पंखा घेऊन उभा राहतो, गातो, मध्येच बोलतो, पात्रं बदलतो, आणि लांब कथा सांगतो. एक पूर्ण कथा कित्येक तास चालते. एकेकाळी अशा बारा कथा होत्या, आज पाच उरल्यात. २००३ मध्ये युनेस्कोने या कलेला मानवाच्या वारशात मान दिला. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट छापील पानावर येत नाही. ती म्हणजे श्रोत्यांची दाद. ढोलवाला आणि श्रोते मधूनमधून ‘ओल्सीगू’, ‘चोता’ असे उद्गार टाकतात. त्याला छुइमसे म्हणतात. दाद नसेल तर गाणारा कोरडा पडतो. कीर्तनात बुवांनी अभंगाची ओळ सोडली आणि टाळकऱ्यांनी ती उचललीच नाही, तर जे होईल तेच.

म्हणून विद्यापीठांत पानसोरीचं सप्रयोग व्याख्यान ठेवतात. आधी अभ्यासक पंधरा मिनिटं कथा आणि ताल समजावतो, श्रोत्यांकडून छुइमसे म्हणवून घेतो, मग कलावंत गातो. संकोचणारे पाहुणे हळूहळू ओरडू लागतात. त्या तासाभरात त्यांना कळतं की इथे श्रोतासुद्धा कलावंत आहे. कुठल्याही निबंधाने हे इतक्या लवकर पटवलं नसतं.

समुलनोरीचं उलट आहे. हातात धरून वाजवायची छोटी थाळी, मोठी थाळी, डमरूसारखा दोन तोंडांचा चांगू आणि ढोल या चार वाद्यांचा हा कडाडणारा प्रकार लोकांना फार प्राचीन वाटतो. प्रत्यक्षात शेतकऱ्यांच्या गावोगावच्या वाद्यमेळ्यावरून तो १९७८ मध्ये सोलमध्ये रंगमंचासाठी घडवला गेला. इथे व्याख्यानाशिवाय कार्यक्रम पाहिला तर गैरसमज घेऊनच माणूस घरी जाईल. परंपरा कशी नव्याने बांधली जाते, हे सांगायला कुणीतरी उभं राहावं लागतं.

मानोआच्या केंद्रात हाला ह्यूम यांच्या नृत्यशाळेचा संग्रहही जपलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर होनोलुलूत त्यांनी कोरियन नृत्य शिकवायला घेतलं आणि १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडलं नाही. शहरातल्या एका नृत्यशाळेचे कागद विद्यापीठाने संशोधनाचं साधन मानले, ही बाब मला फार मोलाची वाटते.

अवघड विषय आणि पैसा

१९४८ मध्ये जेजू बेटावर उठाव झाला आणि सरकारी फौजांनी तो चिरडला. सरकारच्याच चौकशी समितीच्या अंदाजाने २५ ते ३० हजार माणसं मेली. बेटाच्या लोकसंख्येचा जवळजवळ दहावा हिस्सा. कित्येक दशकं त्याबद्दल दक्षिण कोरियात उघड बोलायची सोय नव्हती. २००० मध्ये चौकशीचा कायदा झाला, २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी माफी मागितली. २०२४ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हान कांग यांनी जेजूवर आणि १९८० च्या ग्वांगजू हत्याकांडावर लिहिलं आहे, त्यामुळे आता हे विषय सामान्य वाचकापर्यंत पोहोचले आहेत. सुट्टीत जेजूचे समुद्रकिनारे पाहून आलेल्या माणसाने या विषयावरच्या व्याख्यानाला बसावंच, असं मला मनापासून वाटतं.

अशा कार्यक्रमांना पैसे कोण देतं? बराचसा कोरियातून येतो. १९७८ मध्ये स्थापन झालेली कोरियन अभ्यास अकादमी संशोधनाला मदत करते. १९९१ पासून काम करणारं कोरिया फाउंडेशन परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत आहे. ते परदेशी विद्यापीठांत अध्यासनं स्थापन करायला मदत करतं. विद्यापीठाला एकरकमी निधी द्यायचा, तो गुंतवायचा आणि व्याजातून प्राध्यापकाचा पगार भागवायचा, ही अध्यासनाची साधारण रीत. भाषेसाठी सेजोंग संस्थांचं जाळं वेगळं आहे. या सगळ्या निधीत स्थानिक कोरियन कुटुंबांच्या आणि कंपन्यांच्या देणग्यांची भर पडते.

मग वक्ता मोकळेपणाने बोलेल का? रास्त शंका आहे. देशाची प्रतिमा उजळावी म्हणूनच सरकार पैसे देतं. माझी कसोटी साधी आहे. केंद्राची वर्षभराची यादी काढून पाहावी. खाद्यपदार्थ, पोशाख आणि पॉप संगीत एवढंच असेल तर ती जाहिरात आहे. त्याच यादीत जेजू असेल, व्हिएतनाम युद्धात दक्षिण कोरियाने पाठवलेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांचा विषय असेल, स्थलांतरित मजूर असतील, तर ते विद्यापीठ आपलं काम करतं आहे. निधी देणाऱ्याने वक्ता निवडू नये, हा नियम लेखी असला तर उत्तमच.

आपल्याकडे

भारतात दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ इथे कोरियन शिकवलं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळांत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियन घातली. महाराष्ट्रात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, रायगडात पोस्कोचा पोलाद प्रकल्प आहे, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. भाषेची गरज त्यामुळे वाढणारच. पण १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालवणाऱ्या पुण्याला दुभाषे तयार करण्यावर थांबायचं कारण नाही. इथल्या विद्यापीठांत कोरियावरची खुली व्याख्यानं भरवता येतील, आणि पहिला विषय तर आपल्याच घरचा आहे.

जुलै १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं. मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी कुणाच्या ताब्यात ठेवायचे, हा पेच होता. ते काम भारतीय सैन्याला मिळालं. त्या फौजेचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सिंगमन री, तोच हवाईचा जुना रहिवासी, भारतीयांवर इतका संतापला होता की दक्षिण कोरियाच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवायचं नाही, असं त्याने बजावलं. मग अमेरिकनांनी भारतीय जवानांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथे तंबूंचं ‘हिंद नगर’ वसलं. काही महिने मराठी सेनापतीच्या हाताखालच्या जवानांनी दोन्ही बाजूंच्या चिथावण्या सहन करत ते कैदी सांभाळले. शेवटी ८८ जणांनी कुठल्याच कोरियात किंवा चीनमध्ये जायचं नाकारलं, आणि १९५४ मध्ये ते याच फौजेबरोबर बोटीने भारतात आले.

थोरातांची मोहीम, री यांचा नकार आणि त्या ८८ जणांचं पुढचं आयुष्य, एवढ्यावर तीन संध्याकाळची व्याख्यानं सहज होतील. शेवटच्या दिवशी पानसोरी ठेवावी, आणि आधी पंधरा मिनिटं श्रोत्यांना छुइमसे शिकवावी.